पाटा-वरवंटा आणि मामल्लपुरम

"तिथं पुजेतला देव आहे, का नुसती देवळंच?"

महाबलीपुरमला जायचं ठरलं तेव्हा आईनं विचारलेला हा पहिला प्रश्न. मी मोबाईलवर फोटो दाखवत होते, ती चष्म्याच्या वरून बघत होती. समुद्राकाठचं दोन शिखरांचं देऊळ, ओळीनं उभे असलेले रथ, उतारावर अडकून राहिलेला तो गोल धोंडा. "बघण्यासारखं आहे गं," मी म्हटलं. "ते दिसतंयच की. नैवेद्य दाखवतात का तिथं, ते विचारतेय."

मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः तीन वेळा जाऊन आले होते आणि तिन्ही वेळा नैवेद्य हा शब्द डोक्यातही आला नव्हता.

ताई तमिळनाडूत कल्पक्कमला राहते. भाऊजी अणुऊर्जेच्या नोकरीत मुंबईहून तिकडं गेले ते तिथलेच झाले. वसाहतीत मराठी घरं बरीच. गणपतीत आरत्यांना झांजा कमी पडतात म्हणे. तिथून उत्तरेला पंधराएक किलोमीटरवर मामल्लपुरम. सरकारी नाव तेच. आपण मराठी माणसं महाबलीपुरमच म्हणतो, पण नावात बळीराजा नाही, 'मामल्ल' आहे. मामल्ल म्हणजे महामल्ल, पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मा याचं बिरुद. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे पैलवानाचं गाव की!" साताऱ्याकडच्या बाईला याहून सोपं करून काय सांगायचं?

त्या पैलवानाचा आपल्याशी जुना हिशेब आहे, तो मी गाडीत काढला. इ. स. ६४२ च्या सुमाराला त्यानं चालुक्यांच्या राजधानीवर, बदामीवर चढाई केली आणि त्यांचा राजा दुसरा पुलकेशी पडला. हा तोच पुलकेशी, ज्याच्या ऐहोळेच्या शिलालेखात तीन महाराष्ट्रांची नव्व्याण्णव हजार गावं मोजलेली आहेत. त्याच्या एक-दोन वर्षंच आधी चिनी प्रवासी ह्युएनत्संग दोन्हीकडं फिरून गेला होता. आपल्याकडच्या लोकांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय की उपकार केला तर विसरत नाहीत आणि अपमान केला तर सोडत नाहीत. आई खिडकीबाहेर मिठागरं बघत होती. "मग सोडलं का?" एवढंच तिनं विचारलं. त्याचं उत्तर लांबचं होतं. ते पुढं येईल.

ताईला मात्र मामल्लपुरमचं काही कौतुक उरलेलं नाही. तिच्या लेखी ती पाहुणे आले की दाखवायची जागा. ती त्या गावाबद्दल एकदाच मनापासून बोलली होती, २६ डिसेंबर २००४ नंतर. रविवार होता. त्सुनामीचं पाणी त्यांच्या वसाहतीतही घुसलं. त्यात वसाहतीतली माणसं गेली, आणि त्याबद्दल ती आजही फारसं सांगत नाही. पण मामल्लपुरमच्या लोकांनी पाहिलेलं ती सांगते. लाट यायच्या आधी समुद्र मागं हटला, लांबवर हटला, आणि तळातले खडक उघडे पडले. काही ओळीत मांडल्यासारखे. लाटेनं किनाऱ्याची वाळू खरवडून नेली आणि काही दगडांवरची कोरीव अक्षरं मोकळी झाली. त्या अक्षरांच्या मागावर गावाच्या उत्तरेला साळुवनकुप्पमला खोदलं, तर एक मुरुगनचं देऊळ निघालं. वर पल्लवांचं दगडी काम, त्याखाली त्याहून जुनं विटांचं. समुद्रानं आधी कधीतरी गिळलेलं, समुद्रानंच परत दाखवलं.

काठावरचं देऊळ टिकलं. पुढं धोंड्यांचा बांध होता, मागं सुरूचं बन होतं, आणि देऊळ मुळात दगडाचं.

पण आई आली होती ती वेगळ्याच दुःखात. आमचं गावाकडचं जुनं घर पाडून नवं बांधलं, त्यात तिचा पाटा गेला. पाडकाम घेतलेल्या माणसांनी जोत्याचे दगड, उंबरा, न्हाणीतली शिळा आणि परसातला पाटा असं सगळं एकाच भरावात ढकललं. वरवंटा तेवढा सापडला, पायरीशी पडलेला. तिच्या सासूचा पाटा, म्हणजे तीन पिढ्यांचं वाटण त्याच्यावर झालेलं. मी मिक्सर घेऊन दिला, मग त्याहून मोठा मिक्सर घेऊन दिला. ती दोन्ही वापरते, आणि दर वेळी भांड्याचं झाकण काढताना म्हणते, "वाटलं न्हाई हे, चिरडलंय." एकट्या वरवंट्याचं करायचं काय? दाराला अडसर म्हणून ठेवलाय.

सकाळी सातलाच पोचलो. उन्हं वर यायच्या आत मोठं शिल्प बघावं, नंतर खडक तापतो. रस्त्याच्या कडेलाच आहे ते. तिकीट नाही, दार नाही. बसमधून उतरलं की समोर. सुमारे ९० फूट लांबीचा खडक, मधोमध उभी नैसर्गिक भेग, आणि दोन्ही बाजूंनी शंभराच्या वर आकृत्या त्या भेगेकडं लोटलेल्या. देव, गंधर्व, शिकारी, सिंह, माकडं, आणि खाली जवळपास खऱ्या मापाचे हत्ती, पायांत पिल्लं घेऊन.

हे कशाचं चित्र आहे यावर विद्वानांचं आजवर एकमत झालेलं नाही. भेगेच्या डावीकडं एका पायावर उभा राहून हात वर केलेला तपस्वी आहे, शेजारी वर देणारा शंकर. तो पाशुपतास्त्र मागणारा अर्जुन की गंगा मागणारा भगीरथ? भेगेत नाग-नागिणी वर सरकतायत; नाग म्हणजे पाणी, म्हणून काही जण गंगा म्हणतात. खडकाच्या माथ्यावर पाणी साठवायची सोय होती आणि सणावाराला ते भेगेतून सोडत असावेत, असंही मानतात.

मी हे सगळं आईला सांगत होते. तिनं तपस्व्याकडं एकदा पाहिलं. "बरगड्या मोजून घे," म्हणाली. मग तिचं बोट खाली गेलं. भेगेच्या पायथ्याशी नदीकाठची माणसं आहेत. एक जण खांद्यावर पाण्याची घागर घेऊन निघालाय, आणि एक जण आंघोळ करून धोतर पिळतोय. "हे बघ. पिळ्याला पीळ कसा बसलाय! वरून हात उलटा, खालून सुलटा. नदी हाये ही. समुद्रात आंघोळ करून कुणी धोतर पिळंल व्हय, खारटाण राहतं."

अर्जुन-भगीरथाच्या वादात पिळलेलं धोतर हा पुरावा आधीही कुणी दिला असेल. पण मला तो पिळा चौथ्या खेपेला पहिल्यांदा दिसला.

उजवीकडं मोठ्या हत्तीच्या सुळ्यांपाशी एक मांजर आहे. मागच्या पायांवर उभं, पुढचे दोन्ही पाय डोक्यावर, हुबेहूब वरच्या तपस्व्यासारखं, आणि भोवती उंदीर हात जोडून. गाइड हमखास हे दाखवतात आणि लोक हमखास हसतात. आईही हसली. "एकादशी धरलीय त्यानं." एवढ्या मोठ्या, राजानं करवून घेतलेल्या कामात, वर देवाधिदेव उभे असताना, खाली कोपऱ्यात कुणीतरी हे मांजर बसवलं आणि कुणी त्याला नको म्हटलं नाही. मला त्या मुकादमाबद्दल आदर वाटतो.

शेजारच्या कृष्ण मंडपात तर ती हलेचना. मूळ शिल्प उघड्या खडकावरचं; पुढचा खांबांचा मंडप विजयनगरच्या काळात जोडलेला. कृष्णानं गोवर्धन उचललाय आणि त्याच्या सावलीत गोकुळ चाललंय, जणू डोक्यावर डोंगर नाहीच. कुणाच्या खांद्यावर पोर, कुणाच्या डोक्यावर भारा आणि हातात शिंक्यात लटकवलेली मडकी. एक माणूस उकिडवा बसून धार काढतोय, आणि गाय मान वळवून वासराला चाटतेय.

आई त्या गायीपुढं किती वेळ उभी राहिली कुणास ठाऊक. आमच्याकडं दोन म्हशी आणि एक गाय होती, मी कॉलेजला जाईपर्यंत. "वासरू पुढ्यात पायजे," ती म्हणाली. "चाटत असली की तिचं ध्यान वासराकडं, मग ती पान्हा चोरत न्हाई. आणि ह्याचं कोपर बघ, मांडीला टेकवलंय. नवशिका न्हवं." थोड्या वेळानं, "ह्या कारागिराच्या घरी गाय होती," आणि आणखी थोड्या वेळानं, "किंवा बायको सांगत असंल शेजारी उभी राहून."

शिल्पापासून चार पावलांवर, बसस्टँडच्या अंगाला, स्थलशयन पेरुमाळचं देऊळ आहे. परदेशी पाहुणे तिकडं फारसे वळत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही कधी वळले नव्हते. पण आईला पुजेतला देव हवा होता, आणि तो इथं होता. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांतला, म्हणजे पवित्र क्षेत्रांतला, एक. तिरुमंगै आळ्वार या तमिळ संतकवीनं या गावाला कडल्मल्लै म्हटलंय, 'कडल्' म्हणजे समुद्र. संपत्तीनं, हत्तींनी, रत्नांनी भरलेली गलबतं इथं वाकून उभी असत असं गायलंय. बंदर होतं हे, पल्लवांचं. आज मच्छीमारांच्या होड्या तेवढ्या असतात.

आतला विष्णू आडवा आहे, पण शेषावर नाही. जमिनीवर. म्हणूनच नाव स्थलशयन. याची कथा ताईच्या शेजारणीनं सांगितली आणि ताईनं ती आम्हाला मराठीत सांगितली. एका ऋषीनं कमळं गोळा केली आणि ती क्षीरसागरातल्या विष्णूला वाहायची ठरवली. मध्ये हा समुद्र. तर तो ओंजळींनी समुद्र उपसायला लागला. एक म्हातारा आला, म्हणाला, भूक लागलीय, काही खायला आण, तोवर मी उपसतो. ऋषी अन्न घेऊन परत येतो तर समुद्र मागं हटलेला, आणि म्हातारा ती कमळं अंगावर घेऊन भुईवर निजलेला.

ऋषीचं नाव पुंडरीक.

आई थांबली. आमच्या घरी माळ आहे, आजोबांपासून वारी. "पुंडलिक? हितं?" तिनं ताईला परत एकदा खात्री करून सांगायला लावलं. नावापलीकडं दोघांचा काही संबंध आहे असं नाही. तिला त्याची गरजही नव्हती. प्रदक्षिणा घालून ती बाहेर पायरीवर बसली, चपला शोधताना म्हणाली, "आपल्या पुंडलिकानं उभा केला, ह्याच्या पुंडलिकानं निजवला. पण दोघांनी बी थांबवला बघ." आणि मग, बऱ्याच वेळानं, "निजलेला बरा. अठ्ठावीस युगं उभं राहायचं म्हणजे काय गं, पायाला काय होत असंल."

कृष्णाच्या लोण्याच्या गोळ्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. सगळ्यांनी फोटोत पाहिलाय, हात टेकवून उचलल्याचं सोंग करणारे पर्यटक तिथं रांगेनं असतात, २०१९ मध्ये चीनचे अध्यक्ष आणि आपले पंतप्रधान त्याच्यासमोर हात धरून उभे राहिले होते. २५० टनांचा धोंडा, इंग्रजांच्या काळात सात हत्ती लावून हलवायचा प्रयत्न झाला म्हणतात, हलला नाही. आई त्याच्या सावलीत बसून शेंगा खात होती. मला त्या टेकडीवरचं दुसरंच काही दाखवायचं होतं.

टेकडीवरच्या कित्येक धोंड्यांवर छोट्या चौकोनी खाचांची एक सरळ ओळ दिसते, कापडाला टाके घालावेत तशी. दगड फोडायच्या पाचरींच्या खाचा आहेत त्या. खाचेत लाकडी पाचर ठोकायची, वर पाणी घालत राहायचं. लाकूड फुगतं आणि दगड रेषेत उकलतो. काही धोंडे उकललेत. काहींवर खाचा तयार आहेत, पाचर ठोकलीच गेली नाही. तेवढ्यात काय झालं? राजा मेला, पैसे थांबले, लढाई लागली, की मुकादमानं दुसरा दगड दाखवला? लेण्यांमध्येही तेच. अर्धवट सोडलेल्या लेण्यांत भिंतीवर पाटीवर आखावेत तसे चौकोन दिसतात. चर खोदून चौकोन सुटा करायचा, मग तो उडवायचा, की पुढचा थर. वाक्य अर्ध्यात सोडावं तसं काम सोडलंय, त्यामुळं काम कसं करत होते हे अजून वाचता येतं. गावात त्या मोठ्या शिल्पाची दुसरी, अपुरी आवृत्तीसुद्धा आहे. तिच्यापाशी कुणी थांबत नाही.

ही गोष्ट मला मामल्लपुरमबद्दल सगळ्यात जास्त आवडते, आणि लोक ज्याला 'प्राचीन वैभवाचे अवशेष' म्हणतात तो शब्द इथं मला पटत नाही. अवशेष उरलेल्या गोष्टीचे असतात. इथं बरंच काही पुरं झालंच नाही. हंपीत पडझड दिसते. इथं दिसतो तो दुपारच्या सुट्टीला कारागीर उठून गेलेला कारखाना.

पंचरथांचंही तसंच. पांडवांशी त्यांचा संबंध नाही. नावं लोकांनी मागाहून दिली, जशी आपल्याकडं नाशिकच्या बौद्ध लेण्यांना पांडवलेणी. पाचांपैकी चार एकाच लांब खडकातून, उंचीच्या उतारानं कापून काढलेले. द्रौपदीचा सगळ्यात छोटा, अगदी गवताचं छप्पर घातलेल्या खोपटासारखा; दगडात छपराचा बाकसुद्धा आलाय. आत दुर्गा, आणि तिच्या पायाशी स्वतःचं मस्तक कापून द्यायला बसलेला भक्त. नकुल-सहदेवाचा मागून गोल, आणि अगदी शेजारी दगडाचाच हत्ती असा उभा केलाय की देवळाची पाठ आणि हत्तीची पाठ सारखी दिसावी. या आकाराला शिल्पशास्त्रात गजपृष्ठ म्हणतात. ज्यानं हत्ती तिथं ठेवला त्याला विनोद कळत होता. भीमाच्या आणि धर्मराजाच्या रथांची शिखरं नखशिखांत कोरलेली, आणि पाय मात्र ओबडधोबड, खडकातच रुतलेले.

कारण काम वरून खाली. "आधी कळस, मग पाया," आई लगेच म्हणाली. महिला मंडळाच्या सहलीत तिनं वेरूळ पाहिलंय. आणि इथंच तिच्या गाडीतल्या प्रश्नाचं उत्तर होतं.

मामल्लानं बदामी घेतली त्याला शंभर वर्षं उलटली. चालुक्यांचा दुसरा विक्रमादित्य सैन्य घेऊन पल्लवांच्या राजधानीत, कांचीत शिरला. आता सूड, लूट, जाळपोळ असं काही ऐकायची तयारी आपण ठेवतो. त्यानं कांचीचं कैलासनाथ देऊळ पाहिलं, जे मामल्लाच्या पणतू राजसिंहानं बांधलं होतं, आणि देवळाची संपत्ती देवळालाच ठेवली. तसा कन्नड लेख त्यानं त्याच देवळातल्या खांबावर कोरवला. मग त्याच्या राणीनं, लोकमहादेवीनं, पट्टदकलला देऊळ उठवलं, त्याची ठेवण कांचीची. पुढं चालुक्यांना हटवून राष्ट्रकूट आले, आणि पहिल्या कृष्णाच्या काळात वेरूळचं कैलास घडलं, तोंडवळा पट्टदकलचा. फक्त ते बांधलं नाही, अख्ख्या डोंगरातून कोरून काढलं, वरून खाली, या रथांसारखं. ग्रॅनाइटची युक्ती बेसॉल्टमध्ये.

"म्हणजे आपलं कैलास ह्यांचं बघून?" आईला जरा लागलं.

"बघून, आणि मोठं करून."

"मग ठीक." सूड पुरा झाला असावा.

काठावरच्या देवळाशी पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. हे मात्र कोरलेलं नाही, दगड रचून बांधलेलं, राजसिंहाच्या काळातलं, आठव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्याच्याही आधी, त्याचा पूर्वज महेंद्रवर्मा यानं मंडगप्पट्टूच्या लेण्यात लिहून ठेवलं होतं की हे देवालय वीट, लाकूड, धातू आणि चुना यांच्याशिवाय केलंय. एवढ्या अभिमानानं 'शिवाय' मोजणारा माणूस विरळा. तीन गाभारे: दोन शंकराचे, आणि त्यांच्या मधल्या अंधाऱ्या खोलीत, तळच्या मूळ खडकावर आडवा विष्णू. याच गावात अत्यंतकाम असं बिरुद असलेल्या राजाचा एक शिलालेख आहे, त्यात ज्यांच्या हृदयात रुद्र वसत नाही त्यांना सहा वेळा 'धिक्' म्हटलंय. मोजून सहा. आणि तरी समुद्राच्या सगळ्यात जवळ, दोन रुद्रांच्या मध्ये विष्णूला निजायला जागा ठेवलीय.

कुंपणभिंतीवर नंदी ओळीनं बसलेत. त्यांचे चेहरे गेलेत, वापरून झिजलेल्या साबणाच्या वड्यांसारखे झालेत. खारा वारा दगडात मीठ भरतो आणि मीठ दगड फोडतं. पुरातत्त्व खात्याची माणसं कागदाचा ओला लगदा भिंतीवर थापतात. तो वाळताना आतलं मीठ ओढून घेतो, मग सोलून काढायचा, परत थापायचा. आईला हे शिल्पांपेक्षा जास्त आवडलं. "किती वेळा?" मीठ संपत नाही तोवर, म्हणजे कायम.

दुरुस्ती इथं नवी नाही. इ. स. ७०० च्या आसपास पल्लवांच्या आश्रयाला असलेला संस्कृत लेखक दंडी, 'अवंतिसुंदरीकथे'च्या सुरुवातीला स्वतःच्या एका सहलीबद्दल सांगतो. ललितालय नावाच्या स्थपतीनं त्याला मामल्लपुरमला बोलावलं, का तर समुद्राकाठच्या शेषशायी विष्णूचा मोडलेला हात त्यानं सांधला होता, आणि सांधा दिसतो का ते पाहायला या म्हणाला. दंडी गेला. सांधा दिसला नाही. तेराशे वर्षांपूर्वीही या गावात मूर्ती मोडत होत्या, आणि जोडणाऱ्याला आपलं काम दाखवायची हौस होती.

जेवून पंचरथांच्या रस्त्याला परत आलो ते दुकानांसाठी. दुकानं म्हणजे कारखानेच, दोन्ही बाजूंनी. १९५७ पासून गावात शिल्पकलेचं सरकारी कॉलेजही आहे, पण बऱ्याच जणांचं कॉलेज बापाच्या मांडीशेजारीच झालेलं. इथल्या टेकडीला आता कुणी हात लावू शकत नाही, दगड बाहेरून येतो. मोठं काम मशीनच्या चकतीनं होतं. पांढरी धूळ उडते, तोंडाला फडकी बांधलेली पोरं धुळीनं माखून स्वतःच मूर्ती दिसतात. त्या फडक्यानं फुप्फुसं वाचत नाहीत हे त्यांनाही ठाऊक असणार. पण चकती थांबली की मागून छिन्नीचा आवाज येतो, बारीक, एका लयीत. शेवटचा हात अजून छिन्नीचाच. तमिळमध्ये तिला उळि म्हणतात, आपण टाकी.

आई गणपतींच्या, बुद्धांच्या, नटराजांच्या रांगेतून सरळ चालत गेली आणि भिंतीशी एकावर एक ठेवलेल्या पाट्यांपाशी थांबली.

इथं त्याला अम्मी म्हणतात. आपल्यासारखाच चपटा, फक्त वरवंटा लांब आणि दोन्ही टोकांना निमुळता. मालकीणबाईंनी ताईला तमिळमध्ये काही विचारलं आणि ताई हसायला लागली. "लग्न कुणाचंय विचारतायत." अम्मी आता लोक लग्नासाठीच घेतात, नवरीनं त्यावर पाय ठेवायचा आणि मग अरुंधती बघायची. आपल्याकडं सप्तपदीच्या वेळी नवरी दगडावर उभी राहते तेच. "माझं झालंय म्हणावं," आई म्हणाली. "मला वाटायला पायजे."

हे भाषांतर होताच आतला म्हातारा कारागीर उठून बाहेर आला. ताईनं त्यांना अय्या म्हटलं. वापरायला अम्मी मागणारं गिऱ्हाईक त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नसावं. त्यांनी एकेका दगडावर हातोडीची दांडी आपटून दाखवली. दगडात पुरुष, स्त्री आणि नपुंसक असे तीन प्रकार, ते आवाजावरून ओळखायचे. घंटेसारखा घुमला तो मूर्तीला, घुमत नाही तो फरशीला. आई ऐकत होती. मग तिनं बोटातल्या अंगठीनं तिसरा पाटा वाजवला, पाचवा वाजवला, परत तिसरा. मडकं घेताना वाजवून घ्यावं तसं. "हा," म्हणाली. अय्यांनी मान हलवली आणि ताईकडं बघून काही बोलले. ताईनं ते सांगितलं नाही, गाडीत सांगितलं. ते म्हणाले होते, आईला विचार, कुठल्या गुरूकडं शिकली.

एक अडचण होती. पाट्याची टाकी मशीनची होती, सगळे ठिपके एका मापाचे. आईला ती नको होती. "मसाला घसरतो असल्यावर." अय्यांनी पाटा मांडीपुढं घेतला, छिन्नी घेतली आणि पुन्हा टाकी लावायला बसले. वरच्या अंगाला दाट, खालच्या अंगाला विरळ. पंचवीस मिनिटं कुणी बोललं नाही. ताई म्हणाली, ती इथं आली तेव्हा वसाहतीच्या बाहेर एक बाई ओरडत जायची, "अम्मी कोत्तलियो, अम्मी!" मग ती बंद झाली. आमच्या गल्लीत यायची ती "टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ" करत यायची, पाठीला झोळीत पोर असायचं. ती कधी बंद झाली ते मला आठवत नाही, म्हणजे माझं लक्ष नव्हतं.

पैसे देताना आईनं घासाघीस केली नाही. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

पंधरा किलोचा दगड चेन्नईहून पुण्याला, पुण्याहून गावी कसा आणला ते विचारू नका. स्टेशनवर बॅग तपासणाऱ्या मशीनमधून तो गेला तेव्हा पडद्यावर बसलेल्या पोरानं मान वर करून आमच्याकडं पाहिलं होतं. अय्यांचा निमुळता वरवंटा आईनं तिथंच परत केला. घरी एक आहे म्हणाली.

नवा पाटा लगेच वापरता येत नाही. टाकीची खर आधी काढावी लागते. दाराचा अडसर उचलून तिनं धुतला, परसात पाटा मांडला, आणि भिजवलेले मूठभर तांदूळ वाटायला घेतले. पहिलं वाटण राखाडी निघालं, ते झाडाच्या बुंध्यात गेलं. दुसरं जरा कमी राखाडी. वरवंटा काळा, आपल्या दगडाचा. पाटा तिकडचा, करडा, बारीक चमकणारा. दोघांचं जमायला वेळ लागत होता, मध्येच कर्रकन आवाज यायचा आणि आई हात थांबवून वरवंट्याची बाजू बदलायची. संध्याकाळी चौथं वाटण झालं. तिनं करंगळीच्या टोकानं थोडं उचलून जिभेवर ठेवलं, दातांखाली फिरवलं.

"कचकच लागतेय अजून," म्हणाली, आणि आत जाऊन तांदळाच्या डब्यात पुन्हा मूठ घातली.